घरकर्जाचा जादा हप्ता : ऋणमुक्तीचा जवळचा रस्ता

अन्न, वस्त्र व निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा. त्यांतील पहिल्या दोन भागवता भागवताच आपल्या आधीच्या पिढीचे आयुष्य सरले. चाळीतली दहा बाय बाराची खोली, रेल्वेचे क्वार्टर, नाहीतर नाल्याकाठची झोपडी, यातच त्यांचे संसार झाले व यातच मुले शिकली. आज त्याच मुलांपैकी अनेकांनी कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, विरार, पिंपरी-चिंचवड, नाशिक अशा ठिकाणी मालकीचे घर घेतले आहे. ही निश्चितच अभिमानाची गोष्ट आहे. परंतु या मालकीच्या घरामागे बहुतेक वेळा वीस-पंचवीस वर्षांचे कर्ज उभे असते. ते फिटेपर्यंत घराचे मूळ कागद आपल्या कपाटात नसतात, कर्ज देणाऱ्याच्या तिजोरीत असतात. गृहप्रवेशाच्या आनंदात ही गोष्ट आपण विसरून जातो.

आम्ही बँकेत कारकून आहोत. शिक्षण कला शाखेचे, त्यामुळे गणिताशी आमचे सख्य कधीच नव्हते. तरीही बँकेत नोकरी म्हटल्यावर रविवारी विहारात गेलो की कोणी ना कोणी बाजूला घेऊन विचारतोच, "साहेब, हातात पन्नास हजार आलेत, कर्जात भरू की ठेव ठेवू?" दर वेळी उभ्या उभ्या उत्तर देऊन समाधान होत नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असे कार्यकारिणीने सांगितले तेव्हा आम्ही हाच विषय निवडला. सभासद बंधू-भगिनींना याचा उपयोग व्हावाच, पण आपल्या विद्यार्थ्यांनीही कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब करून पाहावा, अशी आमची इच्छा आहे. उद्या घरात कर्जाचे कागद येतील तेव्हा ते वाचणारा माणूस घरातच असला पाहिजे.

आमच्या घरातली गोष्ट

उपदेश करण्यापूर्वी आमची स्वतःची चूक सांगतो. आमच्या धाकट्या भावाने २०२१ साली अंबरनाथला घर घेतले. कर्ज २० लाख रुपये, मुदत २० वर्षे, व्याज ७ टक्के, हप्ता १५,५०६ रुपये. सहकर्जदार म्हणून आम्ही सही केली. त्या वेळी व्याजाचे दर खूप खाली होते, म्हणून आम्ही सर्वजण खुशीत होतो. कर्ज २०४१ मध्ये फिटणार होते. भावाचे वय तेव्हा ३५ होते व निवृत्ती ५८ व्या वर्षी, म्हणजे निवृत्तीपूर्वी तीन वर्षे घर मोकळे होणार, असा आमचा हिशेब होता.

मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवायला सुरुवात केली. तो ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० टक्क्यांवर गेला. कर्ज बदलत्या व्याजदराचे असल्यामुळे भावाचा दरही चढत गेला. मोबाईलवर इंग्रजीतून संदेश येत होते, पण ते त्याने वाचले नाहीत व आम्हीही विचारले नाही. हप्ता साधारण १६,००० रुपये झाला होता. पाचशेचीच वाढ म्हणून कोणाचे लक्ष गेले नाही. २०२३ च्या मध्यावर काही कामासाठी खातेउतारा काढला, तेव्हा कर्ज संपण्याची तारीख २०४९ मध्ये गेलेली दिसली. म्हणजे निवृत्तीनंतरही पाच वर्षे हप्ते भरायचे होते. पगार थांबलेला असणार, मुले शिकत असणार आणि हप्ता मात्र चालू राहणार. रात्री आई म्हणाली, "तू तर बँकेत आहेस ना रे?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून आम्ही हा विषय मुळापासून समजून घेतला. पुढील मजकूर त्या अभ्यासाचा आहे.

हप्त्याच्या पोटात काय असते?

गृहकर्जाचा मासिक हप्ता सारखा असतो, परंतु त्याच्या पोटातील दोन भाग, व्याज व मुद्दल, दर महिन्याला बदलत असतात. व्याज शिल्लक मुद्दलावर आकारले जाते. हप्त्यातून आधी त्या महिन्याचे व्याज वळते होते आणि उरेल तेवढेच मुद्दलात जाते. हे स्वतः तपासण्याची रीत सोपी आहे. शिल्लक मुद्दलाला वार्षिक व्याजदराने गुणावे व १,२०० ने भागावे. आले ते उत्तर म्हणजे त्या महिन्याचे व्याज.

उदाहरण घेऊ. कर्ज २० लाख रुपये, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षे म्हणजे २४० महिने. याचा हप्ता १७,३५६ रुपये येतो. पहिल्या महिन्याचे व्याज होते १४,१६७ रुपये. म्हणजे सतरा हजारांवर भरलेल्या रकमेतून मुद्दल फिटले केवळ ३,१८९ रुपयांचे! पाच वर्षे न चुकता हप्ते भरले, तर आपण एकूण सुमारे १० लाख ४१ हजार रुपये भरलेले असतात. मुद्दल मात्र २ लाख ३७ हजारांनीच कमी झालेले असते. निम्मे मुद्दल, म्हणजे १० लाख, फिटायला तेरा वर्षे दहा महिने लागतात. वीस वर्षांत एकूण व्याज जाते सुमारे २१ लाख ६५ हजार रुपये, म्हणजे घेतलेल्या कर्जापेक्षाही अधिक.

हे वाचून बँकेने फसवले असे कोणी म्हणू नये. यात फसवणूक नाही. मुद्दल मोठे आहे तोवर त्यावरचे व्याज मोठे राहणार, हा साधा हिशेब आहे. पण याच हिशेबात कर्जदाराच्या फायद्याची किल्लीही आहे. हप्त्याव्यतिरिक्त जो रुपया आपण भरतो, त्यातून व्याज कापले जात नाही. तो सबंध रुपया मुद्दलात जातो आणि त्या रुपयावरचे पुढच्या सर्व वर्षांचे व्याज बंद होते.

थोडे जादा भरल्याने किती फरक पडतो?

वरचेच कर्ज डोळ्यांसमोर ठेवू व व्याजदर तोच राहिला असे धरून चालू.

पहिला मार्ग : दर महिन्याला हप्त्याबरोबर १,००० रुपये जादा भरावेत. सुरुवातीपासून असे केले तर कर्ज २४० ऐवजी सुमारे २१० महिन्यांत फिटते. अडीच वर्षे वाचतात व व्याजाचे सुमारे सव्वातीन लाख रुपये वाचतात. महिन्याला हजार रुपये म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये.

दुसरा मार्ग : वर्षातून एक हप्ता जादा भरावा. बोनस, महागाई भत्त्याची थकबाकी, रजेचे रोखीकरण, गावाकडच्या शेतीचा वाटा, यांतून वर्षाला एक जादा हप्ता काढणे पुष्कळांना शक्य असते. बारा महिन्यांत तेरा हप्ते भरले, तर कर्ज सुमारे १६ वर्षे ९ महिन्यांत संपते. सव्वातीन वर्षे आधी सुटका होते आणि व्याजात सुमारे चार लाख रुपयांची बचत होते.

तिसरा मार्ग : एकरकमी भरणा. समजा कोणाच्या हाती एक लाख रुपये आले. ते कर्जाचे पहिले वर्ष संपताच मुद्दलात भरले व हप्ता तोच ठेवला, तर कर्ज सुमारे २६ महिने आधी फिटते व व्याजाचे साडेतीन लाखांवर रुपये वाचतात. तेच एक लाख पंधरावे वर्ष संपल्यावर भरले तर मुदत साडेआठ महिन्यांनीच कमी होते आणि वाचतात सुमारे ४८ हजार. रक्कम तीच, पण वेळ निराळी. शेतीत पहिल्या पावसाचे जे महत्त्व, तेच कर्जफेडीत पहिल्या वर्षांचे. म्हणून "पुढे पगार वाढला की पाहू" म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे असते की, पुढे पाच हजार भरण्यापेक्षा आज एक हजार भरायला लागा.

हप्ता कमी करावा की मुदत?

जादा रक्कम भरल्यावर बँक दोन पर्याय देते. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेता येतो, किंवा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेता येते. हप्ता कमी झाला की लगेच हायसे वाटते, म्हणून पुष्कळजण पहिला पर्याय घेतात. आता हिशेब पाहा. वरील उदाहरणात पहिल्या वर्षाअखेर एक लाख भरून हप्ता कमी करून घेतला, तर तो १७,३५६ चा १६,४७१ होतो, म्हणजे महिन्याला ८८५ रुपये सुटतात. पूर्ण मुदतीत व्याजाची बचत होते सुमारे एक लाख रुपये. तेच मुदत कमी करून घेतली तर बचत साडेतीन लाखांवर जाते.

ज्यांची नोकरी डळमळीत आहे, घरात एकच कमावता आहे किंवा हप्ता भरताना महिन्याची अखेर ओढाताणीची होते, त्यांनी खुशाल हप्ता कमी करून घ्यावा. त्यात कमीपणा नाही. परंतु ज्यांना चालू हप्ता झेपतो आहे, त्यांनी मुदतच कमी करून घ्यावी.

व्याजदर वाढतो तेव्हा

आता आमच्या भावाच्या बाबतीत घडले ते का घडले, हे पाहू. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य मानकाशी, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडलेली आहेत. रेपो वाढला की कर्जाचा दर वाढतो. अशा वेळी हप्ता वाढवला तर ग्राहक तक्रार करतो, म्हणून हप्ता तोच ठेवून किंवा किंचित वाढवून मुदत लांबवण्याचा मार्ग घेतला जातो. खिशाला चटका बसत नाही, म्हणून लक्षही जात नाही.

पण मुदत किती लांबते? २० लाखांचे कर्ज, ७ टक्के दर, १५,५०६ रुपये हप्ता असे कागदावर धरा व सुरुवातीलाच दर ९ टक्के झाला असे समजा. आता महिन्याचे व्याजच १५,००० रुपये होते. हप्ता मुळीच वाढवला नाही तर मुद्दलात जाणार जेमतेम ५०६ रुपये, आणि कर्ज फिटायला लागणार ४५८ महिने, म्हणजे अडतीस वर्षांहून अधिक! वीस वर्षांतच फेडायचे म्हटले तर हप्ता सुमारे १८,००० रुपये करावा लागेल. दर दोन टक्क्यांनीच वाढला, पण मुदत जवळजवळ दुप्पट झाली.

या प्रकाराची दखल घेऊन रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी परिपत्रक काढले. व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, हे ठरवण्याचा पर्याय कर्जदाराला दिला पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. कर्जाचा काही भाग वा संपूर्ण कर्ज केव्हाही मुदतीपूर्वी फेडण्याची मुभाही असली पाहिजे. मुदत वाढवताना हप्ता महिन्याच्या व्याजापेक्षाही कमी पडून मुद्दल उलट फुगत जाईल, असे होऊ देता कामा नये. तसेच आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, शिल्लक हप्त्यांची संख्या आणि वार्षिक व्याजदर दाखवणारे विवरण दर तिमाहीस कर्जदाराला मिळाले पाहिजे. हे विवरण येते का ते पाहावे. येत नसेल तर लेखी मागावे.

यावरून उलट बाजूही ध्यानात घ्यावी. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर टप्प्याटप्प्याने कमी केला. दर खाली आला की हप्ता कमी करून मागण्याचा मोह होतो. तो आवरावा व जुनाच हप्ता चालू ठेवावा. खिशातून एक पैसाही जास्त न जाता ही एक प्रकारची जादा परतफेडच होते. २०१९ पूर्वीचे कर्ज जुन्या पद्धतीच्या दरावर असेल, तर ते रेपोशी जोडून घेतल्यास दर किती होईल व त्यासाठी खर्च किती, हे शाखेत जाऊन विचारावे.

आधी काय पाहावे?

एवढे वाचून कोणी उद्याच सर्व ठेवी मोडून कर्जात भरायला धावू नये. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी तसे केले. पगाराची मोठी थकबाकी मिळाली, ती सर्व त्यांनी गृहकर्जात भरली. चार महिन्यांनी पत्नीच्या शस्त्रक्रियेची वेळ आली. कर्जाच्या मुद्दलात गेलेला पैसा सामान्यतः परत मागता येत नाही. शेवटी त्यांनी खासगी व्यक्तीकडून शेकडा तीन रुपये महिना व्याजाने पैसे उचलले, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के! साडेआठ टक्क्यांचे कर्ज फेडण्याच्या नादात ते छत्तीस टक्क्यांच्या कर्जात सापडले. म्हणून जादा हप्ता भरण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा, असे आमचे मत आहे.

पहिले, किमान सहा महिन्यांचा घरखर्च व हप्ते भागतील एवढी रक्कम बचत खात्यात किंवा अल्प मुदतीच्या ठेवीत बाजूला ठेवावी. ज्यांची नोकरी कंत्राटी आहे त्यांनी आणखी जास्त ठेवावी.

दुसरे, महागडे कर्ज आधी फेडावे. क्रेडिट कार्डाची थकबाकी, खासगी सावकारी, वैयक्तिक कर्ज, गहाण पडलेले दागिने, यांचे व्याज सहसा गृहकर्जापेक्षा पुष्कळ जास्त असते. गृहकर्ज हे सामान्य माणसाला मिळणाऱ्या कर्जांत स्वस्त कर्जांपैकी एक आहे. स्वस्त कर्ज आधी फेडून महाग कर्ज ठेवणे यात शहाणपण नाही.

तिसरे, कमावत्या माणसाचा निव्वळ मुदत विमा व कुटुंबाचा आरोग्य विमा आहे ना, हे पाहावे. कर्जदाराच्या पश्चात कर्ज मागे राहते. ते फेडण्याची सोय विम्याने झाली नाही, तर घर विकण्याची पाळी कुटुंबावर येऊ शकते.

चौथे, मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेला पैसा, विशेषतः पुढच्या दोन-तीन वर्षांत लागणारा, कर्जात घालू नये. घर दोन वर्षे उशिरा मोकळे झाले तरी चालेल, पण मुलीचा प्रवेश हुकता कामा नये.

ठेव ठेवावी की कर्ज फेडावे?

हा आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. याचे उत्तर तुलनेने मिळते. साडेआठ टक्क्यांचे कर्ज फेडणे म्हणजे त्या पैशावर साडेआठ टक्के खात्रीची मिळकत करणे होय, कारण तेवढे व्याज वाचते. वाचलेल्या व्याजावर आयकर लागत नाही. उलट मुदत ठेवीचे व्याज करपात्र असते. ठेवीवर सात टक्के मिळाले व त्यातून कर गेला, तर हाती सहाच्या आसपास किंवा त्याहून कमी उरते. म्हणून आणीबाणीची रक्कम बाजूला काढल्यानंतर उरलेला पैसा ठेवीत ठेवून शेजारीच त्याहून महाग गृहकर्ज चालवणे तोट्याचे आहे. शेअर बाजारात किंवा म्युच्युअल फंडात जास्त मिळू शकते, पण त्याची हमी कोणी देत नाही, आणि हप्त्याची तारीख मात्र ठरलेली असते.

येथे आयकराचा मुद्दा निघतो. "कर्ज फेडले तर करसवलत जाईल," असे पुष्कळजण म्हणतात. आयकराच्या जुन्या पद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला जास्तीत जास्त २ लाख रुपयांपर्यंत मिळते आणि मुद्दलाच्या परतफेडीची वजावट इतर बचतींसह दीड लाखाच्या मर्यादेत मिळते. नव्या करपद्धतीत स्वतःच्या राहत्या घरासाठी यांतील काहीच मिळत नाही. म्हणून आपण कोणत्या पद्धतीने कर भरतो हे आधी पाहावे. जुन्या पद्धतीत असलो तरी एक गोष्ट उघड आहे. वीस टक्के दराने कर भरणारा माणूस शंभर रुपये व्याज भरून सुमारे वीस रुपये कर वाचवतो. ऐंशी रुपये गेलेच. केवळ वीस रुपये वाचवण्यासाठी शंभर रुपये देत राहणे हा काही व्यवहार नव्हे.

प्रत्यक्ष कसे भरावे?

मुदतीपूर्वी पैसे भरले तर दंड लागतो, अशी भीती अजून अनेकांच्या मनात आहे. पूर्वी तसा दंड घेतला जाई. परंतु ५ जून २०१२ रोजी रिझर्व्ह बँकेने बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार घेण्यास बँकांना मनाई केली. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेनेही गृहवित्त कंपन्यांवर बंधन घातलेले आहे. त्यामुळे व्यक्तीने राहत्या घरासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जाला दंड नाही. स्थिर दराच्या कर्जाला मात्र आकार असू शकतो. तेव्हा आपला करारनामा पाहून घ्यावा.

रक्कम भरताना पुढील काळजी घ्यावी :

१. रकमेबरोबर लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. अर्जात स्पष्ट लिहावे, "सदर जादा रक्कम माझ्या कर्जखात्याच्या मुद्दलात जमा करावी व मासिक हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी." असे न लिहिल्यास ती रक्कम पुढच्या महिन्यांचे आगाऊ हप्ते म्हणून धरली जाण्याची शक्यता असते व मग मुद्दल लगेच घटत नाही.

२. आठ-दहा दिवसांनी खातेउतारा व परतफेडीचे नवे वेळापत्रक मागून घ्यावे. शिल्लक मुद्दल व शेवटच्या हप्त्याची तारीख तपासावी.

३. व्याज रोजच्या शिलकीवर आकारले जाते की महिन्याच्या, हे विचारावे. रोजच्या शिलकीवर असेल तर जेवढ्या लवकर भराल तेवढे बरे. महिन्याच्या शिलकीवर असेल तर महिना पालटण्यापूर्वी भरावे.

४. एका वेळी किमान किती रक्कम स्वीकारली जाते व ती शाखेत भरावी लागते की मोबाईलवरून भरता येते, याची चौकशी करावी.

५. काही बँकांत बचत खात्यासारखे चालणारे गृहकर्ज खाते मिळते. त्यात जादा पैसे ठेवले की तेवढ्यावरचे व्याज वाचते आणि गरज पडल्यास पैसे काढताही येतात. दर थोडा जास्त असू शकतो. ज्यांचे उत्पन्न कमी-जास्त होते त्यांनी याची चौकशी जरूर करावी.

विद्यार्थ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शैक्षणिक कर्जात शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, पण व्याज साठत असते व पुढे ते मुद्दलात मिळवून हप्ता बसवला जातो. शिकत असतानाच घरच्यांना निदान व्याज भरता आले तर नोकरीच्या पहिल्या वर्षांतले ओझे बरेच हलके होते.

शेवटचा हप्ता म्हणजे शेवट नव्हे

कर्ज फिटले की पेढे वाटून पुष्कळजण घरी बसतात. कागद राहूनच जातात आणि दहा वर्षांनी घर विकताना किंवा वारसांच्या नावे करताना धावपळ होते. म्हणून कर्ज बंद करताना ना-देय दाखला घ्यावा. कर्ज घेताना दिलेल्या मूळ कागदांची यादी जपून ठेवलेली असावी व त्या यादीनुसार प्रत्येक कागद परत मोजून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, संपूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत देणे व नोंदवलेला बोजा काढणे बंधनकारक आहे. कर्ज देणाऱ्याच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरी कर्जाची नोंद असेल तर दाखला देऊन ती कमी करून घ्यावी. गावाकडे सातबाराच्या इतर हक्कात बोजा चढवला असेल तर तलाठ्याकडे अर्ज देऊन तोही उतरवून घ्यावा.

समारोप

आमच्या भावाच्या कर्जाचे पुढे काय झाले, हे सांगून लेख पुरा करतो. २०२३ मध्येच त्याने अर्ज देऊन हप्त्याबरोबर दरमहा २,००० रुपये जादा भरायला सुरुवात केली. दिवाळीच्या बोनसमधून वर्षाला २०,००० रुपये मुद्दलात जातात. २०२५ मध्ये दर उतरले तेव्हा हप्ता कमी करून घेतला नाही. आता कर्ज संपण्याची तारीख २०४९ वरून २०३८ च्या आत आली आहे. त्याच्या निवृत्तीला त्या वेळी सहा वर्षे बाकी असतील. यासाठी त्याने नवी मोटारसायकल घेतली नाही व दोन वर्षे सहलीला गेला नाही. याहून मोठा त्याग केला असे तो म्हणत नाही, आम्हीही म्हणत नाही. दर तिमाहीचे विवरण आता आमच्या पुतणीला वाचायला दिले जाते. ती नववीत आहे. शिल्लक मुद्दलाला दराने गुणून १,२०० ने भागायचे, हे तिला आमच्यापेक्षा लवकर जमते.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिक गृहपतीला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत कोणाचेही काही देणे नसल्याचे सुख वेगळे सांगितले आहे. संपत्ती असण्याचे सुख एक व ऋण नसल्याचे सुख दुसरे, अशी ती दोन निराळी सुखे आहेत. मालकीचे घर मिळाले म्हणजे पहिले सुख आले. दुसरे मिळवण्यासाठी महिन्याचे हजार-दोन हजार रुपये आणि थोडी दक्षता पुरते.

सभासद बंधू-भगिनींनी हा लेख वाचून झाल्यावर एवढेच करावे. कर्जाचा ताजा खातेउतारा काढून शेवटच्या हप्त्याची तारीख पाहावी आणि त्या तारखेला आपले वय किती असेल ते मोजावे. पुढचा निर्णय त्या आकड्यावरून आपोआप होईल. हिशेब करताना काही अडचण आल्यास आम्ही रविवारी सकाळी विहारात असतोच. उतारा मात्र बरोबर आणावा.